यंत्राचा वाटा

हरिश्चंद्र सावे यांनी जीपीएस विकत घ्यायचं ठरवलं ते एका ‘या ना एकदा’वरून. खरं तर दोन. आपल्याकडे रोज हजारो लोक हजारो लोकांना ‘या ना एकदा’ म्हणतात आणि कोणी कोणाकडे जात नाही, म्हणून तर सगळं सुरळीत चालतं. पण सावे तलासरीच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. समोर आलेला शब्द आवक-नोंदवहीत चढवायचा आणि त्यावर कार्यवाही करायची, ही सवय निवृत्त होताना कचेरीत जमा करून घेत नाहीत.

पहिलं ‘या ना’ डहाणूच्या नविन तांडेलचं. नविनची स्वतःची बोट. धक्क्यावर सावे पाव किलो मांदेली घ्यायला गेले होते, आणि पाव किलो घेणाऱ्या माणसाकडे मच्छीमार जसं बघतात तसं बघत नविन म्हणाला, “काका, घरात एकटे बसून काय करता? या ना एकदा बोटीवर.” दुसरं बाबल्याचं. बाबल्या त्यांच्याच कचेरीत शिपाई होता, आता तोही निवृत्त, तलासरीजवळच्या पाड्यावर राहायचा. तो बाजारात भेटला. बाबल्याच्या बोलीत अहो-जाहो नाहीच, त्यामुळे सत्तावीस वर्षं तो साहेबांना अरे-तुरे करत आला होता आणि साहेबांनाही दुसऱ्या कोणी अहो म्हटलं की परकं वाटायचं. “सायेब, ये ना एकदा शिकारीला,” तो म्हणाला. शिकार म्हणजे ओढ्यातले खेकडे. बाबल्याच्या पाड्यावर खेकड्यांना जातानाही लोक शिकारीलाच जातात.

दोन्ही आमंत्रणं घेऊन सावे मसोलीला घरी आले. घरात अर्थातच कोणी नव्हतं. हिरकणीबाईंना जाऊन दोन वर्षं होत आली होती, मुलगा देवेश आणि सून रिया बंगळुरूला. मागच्या वाडीतले चिकू बोलत नाहीत. सावेंनी चहा केला, सवयीने दोन कप केला, आणि दुसरा थंड होईपर्यंत विचार केला.

जायचं तर होतं. फार जायचं होतं. पण रिकाम्या हातांनी कसं जाणार? बोटीवर प्रत्येकाला काम असतं, शिकारीतही असतं. आपण नुसते जाऊन बसलो तर ते ओझं. आज नेतील, उद्या नेणार नाहीत. माणूस कामाचा असला तरच त्याला पुन्हा बोलावतात, हे त्यांचं ठाम मत होतं. निवृत्तीनंतर कचेरीतून एकदाही फोन आला नव्हता, त्यामुळे मताला पुरावाही होता. तेव्हा असं काहीतरी जवळ हवं की जे समुद्रातही लागेल आणि रानातही. ते ज्याच्या हातात, तो माणूस बोटीलाही हवा आणि पाड्यालाही हवा. हातात धरायचा जीपीएस! वाट दाखवणारं यंत्र! सावेंनी थंड झालेला दुसरा कपही पिऊन टाकला.

त्यांनी फाईल उघडली. सावेंच्या घरात मिक्सरसुद्धा फाईलशिवाय आलेला नव्हता. डाव्या बाजूला टिपणी, उजव्या बाजूला तीन दरपत्रकं, आणि टिपणीच्या खाली ‘मंजुरीसाठी सविनय सादर’. मंजुरी हिरकणीबाईंची. त्या फोडणी देता देता फाईल घ्यायच्या, न वाचता ‘घ्या’ असं लिहायच्या आणि हळदीचं एक बोट कागदाला लावून परत द्यायच्या. घरातल्या सगळ्या फायलींवर असं बोट आहे. जीपीएसच्या फाईलवर सावेंनी टिपणी लिहिली, सविनय सादरही केली, आणि मग पेन हातात धरून बराच वेळ बसले. शेवटी लिहिलं : ‘मंजुरी गृहीत धरून पुढील कार्यवाही.’

पुढील कार्यवाहीत पहिला अडथळा तुषारचा. तुषारचं डहाणू रोडला मोबाईलचं दुकान. तो म्हणाला, “काका, सन दोन हजार सतरा चालू आहे. तुमच्या मोबाईलमध्येच जीपीएस आहे. नेटवर्क नसलं तरी चालतं.”

“मोबाईल नको.”

“का पण?”

का ते सावे सांगू शकले नाहीत. मोबाईल सगळ्यांकडे असतो, मग मला कोण कशाला नेईल, हे काय दुकानात सांगायचं असतं? त्यांनी गंभीरपणे “तांत्रिक कारणं आहेत” म्हटलं आणि तीन यंत्रांची माहितीपत्रकं मागवून घेतली.

आणि मग लक्षात आलं की समुद्र आणि रान यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. नविन म्हणाला, “काका, कलर केशरी घ्या. पाण्यात पडला तर दिसला पाहिजे.” बाबल्या फोनवर म्हणाला, “केशरी? खेकडा तुला बघूनच बिळात जाल. मातीच्या रंगाचा घे.” नविनला यंत्राचा आवाज इंजिनावर मात करणारा हवा होता, बाबल्याला शून्य. नविनच्या मते बटणं मोठी हवीत, कारण हात ओले. बाबल्याच्या मते बटणंच नकोत, कारण हातात टोपली. सावेंनी तुलनात्मक तक्ता केला. एकवीस रकाने झाले. देवेशला फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ मंजूर की पाहिलं, हे विचारायला सावेंनी फोन केला तर तो मीटिंगमध्ये होता.

शेवटी निवड झाली ती अशा यंत्राची, जे पुढून केशरी आणि मागून मातकट होतं. समुद्रात तोंड वर करून धरायचं, रानात पालथं.

इथपर्यंत बरं चाललं होतं. पण सावेंना वाटलं, उद्या कोणी आक्षेप घेतला तर? कागदोपत्री सगळं चोख हवं. म्हणून त्यांनी वनखात्याला अर्ज केला. विषय : ‘शिकारीकरिता जीपीएस यंत्र वापरण्यास परवानगी मिळणेबाबत.’ सुवाच्य अक्षरात, दोन प्रतींत, पत्त्यासह. आपल्या देशात शिकारीला बंदी आहे हे सावेंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण बाबल्याच्या तोंडची ‘शिकार’ त्यांच्या डोक्यात इतकी खेकड्याएवढी होऊन बसली होती की अर्ज लिहिताना दुसरा अर्थ मनाला शिवलाच नाही.

आठव्या दिवशी दारात वनरक्षक. बाई होत्या, तरुण, खाकी गणवेशात, नाव कविता. “हरिश्चंद्र सावे आपणच?” आवाज कडक.

“मीच! या, या, बसा!” सावेंना इतका आनंद झाला की कविता मॅडम एक पाऊल मागे सरल्या. त्या महिन्यात त्या घराची बेल दुधवाल्याशिवाय कोणी वाजवली नव्हती.

“टोळीत किती जण आहेत?”

“मी एकटाच. चहा घेणार ना?”

“बंदूक आहे?”

“नाही हो. साखर किती?”

जबाब लिहून घ्यायला दीड तास लागला. त्यातला एक तास सावेंमुळे. मॅडमनी ‘सदर इसम’ लिहिलं तिथे त्यांनी ‘सदर गृहस्थ’ सुचवलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि समासाची जागा सोडायला सांगितली. ‘मी कोणत्याही वन्य प्राण्याची शिकार केलेली नाही व करणार नाही, खेकडे वगळून’ असा मजकूर पक्का झाला तेव्हा मॅडमनी तीन चिकू खाल्ले होते. जाताना त्या हसून म्हणाल्या, “काका, असा अर्ज परत करू नका.” सावेंनी मान डोलावली. त्या फाटकाबाहेर पडल्यावर मात्र त्यांना वाटलं, जबाबात एखादी त्रुटी ठेवायला हवी होती. म्हणजे पूर्ततेसाठी पुन्हा यावं लागलं असतं.

यंत्राची मागणी गेली. पार्सल निघालं, पालघरला आलं, डहाणूला आलं आणि ‘पत्ता सापडला नाही’ असा शेरा घेऊन परत गेलं. जगाच्या पाठीवर कुठेही वाट दाखवणाऱ्या यंत्राला मसोलीतलं घर सापडेना. दुसऱ्या खेपेला सावे स्वतःच कुरियरवाल्याच्या गोदामाबाहेर सकाळपासून उभे राहिले आणि पार्सलला हाताला धरून घरी आणल्यासारखं घेऊन आले. चार दिवस त्यांनी पुस्तिका वाचली. यंत्रात पहिली खूण साठवली : ‘घर’. मग ते धक्क्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. यंत्राने सांगितलं, चार किलोमीटर दोनशे मीटर. सावेंना धन्य वाटलं.

सोमवारी पहाटेऐवजी सकाळी भरती होती, तेव्हा सावे डोक्याला टोपी, पिशवीत दशम्या आणि गळ्यात यंत्र अडकवून धक्क्यावर हजर झाले. नविनने त्यांच्याकडे पाहिलं. मग खलाशांकडे पाहिलं.

“काका, तुमच्याकडे मच्छीमाराचं कार्ड आहे काय?”

“कसलं कार्ड?”

“बोटीवर प्रत्येकाचं कार्ड लागतं. समुद्रात चेकिंग होते. कार्ड नसलेला माणूस दिसला तर बोटच धरतील.”

सावेंना तक्ता आठवला. एकवीस रकान्यांत हा रकाना राहून गेला होता. बत्तीस वर्षांत त्यांनी शेकडो लोकांना ‘एक कागद कमी आहे’ म्हणून परत पाठवलं होतं. समोर उभा असलेला माणूस त्यावेळी कसा दिसत असेल हे त्यांना आता कळलं. नविनलाही ते बघवलं नसावं. तो घाईने म्हणाला, “असं करा, मशीन द्या. मशीनला कार्ड लागत नाही. मशीन जाऊन येईल.”

मग सावेंनी गळ्यातून यंत्र काढलं आणि दशम्याही देऊन टाकल्या. बोट खाडीतून बाहेर पडेपर्यंत ते धक्क्यावर उभे होते. घरी येऊन फाईलमध्ये नोंद केली : ‘यंत्र दौऱ्यावर रवाना.’

पाचव्या दिवशी नविन स्वतः घरी आला. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत दोन पापलेटं, सहा बोंबील. सावे खिशात हात घालायला लागले तसा नविन म्हणाला, “पैसे कसले? वाटा आहे. बोटीचा वाटा असतो, जाळ्याचा असतो, इंजिनाचा असतो. मशीनचा नको? हा यंत्राचा वाटा.”

वाटा म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. नियमात बसत होतं. सावेंनी पिशवी घेतली.

बाबल्याकडे तर ते स्वतः यंत्र घेऊन एसटीने गेले. पण ओढ्याचा उतार निसरडा आणि सावेंचे गुडघे जुने. बाबल्या म्हणाला, “सायेब, तू पडलास त तुला उचलायला चार माणसा लागतील, मग खेकडे कोण धरल? तू घरा जा. मशीन ठेव. मी आणून देतूं.” तिसऱ्या दिवशी बाबल्या मसोलीला हजर. यंत्र फडक्यात गुंडाळलेलं आणि टोपलीत अकरा जिवंत खेकडे. “मशीनचा वाटा,” तो म्हणाला. सावेंना आश्चर्य वाटलं की रान आणि समुद्र यांचं निदान या एका मुद्द्यावर तरी एकमत आहे.

आता खेकड्यांचं काय करायचं? हिरकणीबाई असताना खेकडे घरात जिवंत येत आणि ताटात फोडलेले येत, मधलं काय होतं ते सावेंनी कधी पाहिलं नव्हतं. नांगीसुद्धा त्याच फोडून पुढे करायच्या. सावेंनी टोपलीवर परात ठेवली आणि परातीवर वरवंटा. सकाळी परात खाली, वरवंटा खाली आणि खेकडे घरभर. नऊ जण दुपारपर्यंत सापडले. त्यांना सावेंनी वाडीतल्या पाटात सोडून दिलं. दहावा शेजारच्या निलमताईंच्या चपलेत निघाला, आणि त्यानंतर निलमताई आठवडाभर चप्पल आपटून घालत होत्या. अकरावा पिठाच्या डब्यामागे राहिला तो राहिलाच. सावे पोळी लाटायला लागले की मागून खुडखुड व्हायची. “ऐकतोय का?” सावे म्हणायचे. आणि मग सांगायचे, देवेशचा फोन आला होता, रियाला बढती मिळाली, नाताळच्या सुट्टीत यायला जमणार नाही म्हणाले. पाचव्या दिवशी खुडखुड थांबली. डब्यामागे पाहिलं तर तो नव्हता. मोरीच्या वाटेने गेला असावा. जाताना यानेही सांगितलं नाही, असं सावेंच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तीन महिने असं चाललं. यंत्र आठवड्याला समुद्रावर, पंधरवड्याला रानात. यंत्राला जितके सोबती मिळाले तितके सावेंना उभ्या आयुष्यात मिळाले नव्हते. वाटे येत होते. वाटा आणणारा माणूस दारात दहा मिनिटं बसायचा, पाणी प्यायचा, जायचा. आणि मग सावे एकट्यासाठी दोन पापलेटं तळायचे आणि एक सकाळी मांजराला घालायचे. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला होता ते बरोबर जाणं काही घडलं नव्हतं. पण दहा मिनिटं तरी होती.

मग वार्षिक तपासणी आली. म्हणजे कोणी सांगितली नव्हती, पण मार्च महिना लागला की सावेंचे हात शिवशिवत. त्यांनी यंत्राचा एकूण प्रवास फाईलमध्ये नोंदवायचा ठरवलं. डहाणूचा समुद्र, तलासरीचं रान, शेकडो किलोमीटर झाले असणार. चष्मा पुसून त्यांनी बटण दाबलं. यंत्राने सांगितलं : चार किलोमीटर दोनशे मीटर.

त्यांनी पुन्हा दाबलं. मग पुस्तिका काढली. मग सेल तपासले. जुनेच सेल, जवळजवळ भरलेले. हेडक्लार्क माणसाला याहून जास्त पुरावा लागत नाही. घर ते धक्का आणि धक्का ते घर, एवढंच यंत्र चाललं होतं. त्यानंतर ते कोणी सुरूच केलं नव्हतं. तीन महिने ते कुठल्या तरी डब्यात, कुठल्या तरी फडक्यात बंद होतं.

सावेंना राग आला. इतका की चहा एकच कप झाला. आपल्याला म्हाताऱ्याला खेळवल्यासारखं खेळवलं! नविन समुद्रात होता, म्हणून त्यांनी फाईल आणि यंत्र पिशवीत घातलं आणि चौकशीसाठी तलासरीची एसटी पकडली. वाटेत प्रश्नावली तयार केली. प्रश्न क्रमांक एक : यंत्राचा वापर झाला नसताना वाटा कोणत्या तरतुदीखाली देण्यात आला?

पाड्यावर पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बाबल्याच्या अंगणात माणसं नुकतीच ओढ्यावरून आली होती. जमिनीवर सागाची पानं मांडली होती आणि बाबल्या प्रत्येक पानावर खेकडे ठेवत होता. एक मोठा, दोन बारके, एक मोठा, दोन बारके. सावे फाटकाशी उभे राहिले. बाबल्याने वर बघितलं, शेजारच्या झाडाचं एक पान तोडलं, रांगेत ठेवलं आणि त्यावरही खेकडे ठेवले.

“हा कोणाचा?” सावेंनी करडा आवाज काढला.

“तुजा.”

“माझा की यंत्राचा?”

“यंत्र कशाला खाल खेकडं?” बाबल्या म्हणाला. सगळे हसले. “वाटा मांडतेवेळी जो उभा, त्याला वाटा. वाटसरू आला तरी त्याला. तो कुत्रा बघ, त्यालापन हाय.” खरंच, रांगेच्या टोकाला एक लहान पान होतं आणि त्याच्यासमोर कुत्रा अदबीने बसला होता.

सावेंची प्रश्नावली हातात तशीच राहिली. “मग... यंत्र का नेलंत?”

“तू एवढा घेऊन आलास म्हणून. तुला बरा वाटं.”

“आणि तीन महिने मशीनचा वाटा, मशीनचा वाटा म्हणून घरी आणून देत होतास ते?”

“तो तुजाच. तू ओढ्यापतुर आला होतास ना पयल्या दिशी? आलेल्या मानसाचा वाटा मोडत नाय आमी. पन तू सायेब. नुसता दिला असता त घेतला असतास?” बाबल्याने हात धोतराला पुसले. “पावती मागली असतीस.”

पुन्हा सगळे हसले. सावे हसले नाहीत. त्यांना नविन आठवला, बोटीचा, जाळ्याचा, इंजिनाचा वाटा गंभीर चेहऱ्याने मोजणारा. त्यालाही कोणी शिकवलं नव्हतं. आपण एकवीस रकान्यांचा तक्ता करत बसलो, आणि रकाना एकच होता. तिथे जाऊन उभं राहायचं. ‘या ना’ म्हणाले होते, तेव्हा त्यांना यंत्र नकोच होतं. सावेंनी पिशवीतली फाईल उगाच बाहेर काढून पुन्हा आत ठेवली.

“बांधून देऊ का इथंच खातस?” बाबल्याने विचारलं.

आधी सावे सवयीने बांधून द्या म्हणणार होते. मग त्यांना ते स्वयंपाकघर दिसलं, परात, वरवंटा, पिठाच्या डब्यामागची जागा.

“इथंच,” ते म्हणाले.

चुलीवर खेकडे शिजले. सावे मांडी घालता येत नाही म्हणून उलट्या उखळावर बसले. पानात वाढलेला लालभडक खेकडा त्यांनी इकडून बघितला, तिकडून बघितला, नांगी बोटांनी दाबून पाहिली. ती हलेना. बाबल्याची बायको, धाकली तिचं नाव, समोरून बघत होती. उठली, त्यांच्या पानातली नांगी उचलली, दगडावर ठेवून ठोकली आणि फोडलेली त्यांच्यापुढे ठेवली. तिच्या बोटाची हळद नांगीला लागली होती.

“खा,” ती म्हणाली.

हरिश्चंद्र सावे यांनी खाल्लं. पावती मागितली नाही.